काळ्या शिळेवरचं कोडं

त्या टेकडीवर रोज सकाळी एक कोडं येई, आणि ते सुटल्याशिवाय कुरणाचं फाटक उघडत नसे. कोडं कधी शब्दांचं असे, कधी आकड्यांचं, कधी तर्काचं. पहाटे कुणीतरी ते काळ्या शिळेवर खडूनं लिहून जाई. लिहिणाऱ्याला कुणी पाहिलं नव्हतं. तो माथ्यावर राहतो एवढंच ठाऊक होतं, आणि मान वर करून माथ्याकडे बघायची तिथं रीत नव्हती.

शिळेवरचा डोमकावळा कोडं मोठ्यानं वाचून दाखवी. मग उतारावरच्या बिळांतून सगळे बाहेर पडत आणि शिळेभोवती दाटीवाटीनं बसत. सक्तीचं असं कुणाला काही वाटत नसे. उलट गोडी लागली होती. उत्तर जुळलं की जो हशा उठे, तो ऐकायला आजारी असलेलेही पाय ओढत येत.

अंबू नावाची काटेरी साळू तर्कात पक्की होती. जे बसत नाही ते एकेक खोडत जायचं, ही तिची पद्धत. शब्दांत गुणा ससा तरबेज, आणि आकड्यांत म्हातारा भागाजी खवलेमांजर. जोडीदार गेल्यापासून अंबूला दोन दारांचं ते घर खायला उठे. शिळेजवळची ती सकाळ हाच तिचा संसार उरला होता.

मात्र कोड्यात सगळंच दिलेलं नसे. काही गोष्टी मंडळींनी आपापल्या माहितीतून भरायच्या. एकदा शिळेवर लिहिलेलं होतं, 'फाटकाला कडी कुणी लावली, असं जी विचारते ती पाण्यापासून लांब राहते. ती कोण?' लगेच एकेकाला आठवू लागलं.

"परवा माझ्यापाशी असंच काहीतरी बोलली की ती!"

"कोण, खालच्या आळीतली?"

"छे, ती पाण्याजवळ राहते. ही वरची."

अंबूनं खोडत खोडत उत्तर काढलं: रखमी घूस. रखमी तेव्हा तिथं नव्हती. फाटक करकरत उघडलं, सगळे चरायला गेले.

दुसऱ्या दिवशी रखमीचं दार काळ्या मातीनं लिंपलेलं होतं.

रखमी अंबूची सख्खी शेजारीण. "माहेरी गेली असेल," असं म्हणत लोक पुढे गेले. अंबू थांबली. माती बाहेरून थापलेली होती, गुळगुळीत, कडेपर्यंत. तिनं दाराला कान लावला. आतून काहीच ऐकू आलं नाही. तेच तिला सहन होईना. मग तिला याआधी बंद झालेली दारं आठवू लागली, आणि प्रत्येक दाराबरोबर एक सकाळ आठवली, एक हशा आठवला. खोडायला दुसरं काही उरलंच नाही.

तिनं गुणाला तिथं आणलं. गुणा तिचा दुसऱ्या बाजूचा शेजारी, जिवाभावाचा. सगळं ऐकून त्यानं ती माती हुंगून पाहिली.

"ताई, कोडं ते कोडं. माती पावसानं घसरली असेल."

"पाऊस कुठं झालाय, गुणा?"

गुणाचे कान पाठीला चिकटले. "हे बोललात ते बोललात. आता दुसऱ्या कुणाला बोलू नका," तो म्हणाला, आणि दोघंही इकडेतिकडे न बघता आपापल्या बिळात शिरले.

पण कुणीतरी पाहिलं असावं. पुढच्या तर्काच्या दिवशी डोमकावळ्यानं वाचलं, "बंद दारापाशी जो थांबतो, त्याच्या दाराला सकाळचं ऊन लागत नाही. त्याच्या खालच्या रांगेत पिल्लं आहेत. तो कोण?"

अंबूची दोन्ही दारं बाभळीच्या सावलीत होती. खालच्या रांगेत मुंगसाची पिल्लं होती. तिला काही खोडावंच लागलं नाही. सगळे तिच्याकडे मोठ्या आशेनं बघत होते, कारण अशी कोडी सोडवावीत तर तिनंच.

"सावलीतली बिळं तीन," भागाजी म्हणाला. "अंबूताईचं, गुणाचं, आणि पलीकडचं कोल्ह्याचं ते ओसाड पडलेलं."

"माझ्या दारांना हल्ली ऊन लागतं," अंबू म्हणाली. आवाज आपलाच आहे की नाही, तिला कळेना. "बाभळीची फांदी मोडली ना. माझं खोडा."

कुणीतरी तिचं नाव खोडलं. तिनं घाईघाईनं पुढे रेटलं, "कोल्ह्याचंच असणार. बसतंय बरोबर." त्या बिळात कुणीच राहत नव्हतं. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

"छे, छे," भागाजीनं शेपटी आपटली. "त्याच्या खाली नुसती खडी आहे. पिल्लं कुठली? पिल्लं आहेत ती गुणाच्या खाली."

मग गुणाच टुणकन उभा राहिला. "अरे, म्हणजे माझंच की! थांबलो होतो मी परवा, रखमीच्या दारापाशी."

केवढा हशा उठला! कोडं सोडवता सोडवता गडी स्वतःलाच सापडला, अशी मजा पूर्वी कधी झाली नव्हती. आपल्याबरोबर कोण होतं, हे गुणानं सांगितलं नाही. अंबूच्या पाठीवरचे सगळे काटे ताठ उभे राहिले होते. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात फाटक करकरलं.

कुरणात तिनं त्याला गाठलं. "गुणा, चल, आत्ताच्या आत्ता कुठंतरी निघून जाऊ."

"कुठं, ताई? टेकडीपलीकडे काय आहे, तुम्हाला माहीत आहे?"

"मग मी सांगते सगळ्यांना. फांदी काही मोडलेली नाही."

"मला ठाऊक आहे," गुणा म्हणाला. त्यानं खालच्या अंगाला बोट दाखवलं. मुंगसाची पिल्लं गवतात लोळत होती, एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. "उत्तर चुकलं म्हणाल तर फाटक बंद होईल. ती उपाशी परत जातील." तो हसला. "आणि उद्या शब्दकोडं आहे. शब्दांसाठी तरी मला ठेवतील की."

अंबूला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. तिनं ठेवला. संध्याकाळी ती आपल्या बिळात शिरली, दोन्ही दारं आतून ओढून घेतली आणि शेजारून येणारा कुठलाच आवाज ऐकू येऊ नये म्हणून कान दाबून बसली.

सकाळी डोमकावळ्याची हाक ऐकून ती बाहेर आली. गुणाच्या दाराची काळी माती अजून ओली होती. शिळेजवळ त्याच्या जागेवर दुसरंच कुणीतरी सरकून बसलं होतं, आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. शिळेवर चौकटी आखलेल्या होत्या. सगळ्यांचे चेहरे तिकडे होते.

अंबू मात्र उताराकडे तोंड करून उभी राहिली. इतक्या वर्षांत इथून तिनं मागे वळून कधी पाहिलं नव्हतं. दारं रांगेनं होती, उभ्या रांगा, आडव्या रांगा. राहती दारं पांढऱ्या मातीनं सारवलेली. मधूनमधून काळी, कडेपर्यंत भरलेली. वरच्या रांगेत रखमीचा काळा चौकोन होता, गुणाचा काळा चौकोन होता. जोडीदार होता तेव्हापासून अंबूच्या बिळाला दोन दारं होती. ती दोघांच्या मधोमध, लागून लागून, पांढरी आणि कोरी होती.

"आडवा शब्द," तिच्या पाठीमागे डोमकावळा वाचत होता. "वरची रांग. दोन अक्षरी."

"अहो अंबूताई," मंडळींनी हाक मारली, "या ना लवकर. इथंच अडलंय."