मोराचा तंबोरा

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव कुणालाच आठवत नाही. पण त्याच्या अंगणातलं तुणीचं झाड मात्र आठवतं. एकदा वादळ आलं आणि ते झाड आडवं झालं. राजा हळहळला. म्हणाला, "याचं सरपण करायचं नाही. याचे तंबोरे करा. माझ्या दरबारातल्या गवयांना देईन."

गावात तंबोरे करणारा एकच, शमसूचाचा. हात सोन्याचे आणि तोंडाला विश्रांती नाही. त्याने प्रत्येक गवयाला दुकानात बोलावून गायला लावलं, मान डोलावली, गूळपाणी दिलं आणि घरी पाठवलं. त्या लाकडात पाचच तंबोरे बसले. लाकूड एकाच झाडाचं, पण भोपळ्यावरची नक्षी प्रत्येकाची निराळी. एकावर द्राक्षाची वेल, एकावर मासोळ्या, एकावर राघूंची जोडी. गोदाबाई नावाच्या गायिकेच्या तंबोऱ्यावर तर शिंपल्यांचा पिसारा फुलवलेला असा मोर, की बघणाऱ्याने बघतच राहावं!

आणि दरबारातले सगळ्यात थोरले गवई त्रिंबकबुवा, त्यांच्या तंबोऱ्यावर काय? एक पान. पिंपळाचं. एवढंसं.

झालं! बुवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी आले ते आदळआपट करतच. "थोरला मी, मानाचा सूर लावणारा मी, आणि माझ्या वाट्याला पालापाचोळा?"

आता हा मानाचा सूर म्हणजे काय, ते सांगतो. वसंताच्या उत्सवात देवीच्या देवळापुढे सगळं गाव जमायचं. थोरल्या गवयाने सूर लावायचा आणि त्याच सुरात राजापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांनी देवीचं गाणं म्हणायचं. एकदा लागलेला सूर बदलायचा नाही आणि गाणं मध्ये तुटू द्यायचं नाही. तुटलं, की मान दुसऱ्याकडे गेला! बुवांनी हा मान केस पिकेपर्यंत सांभाळला होता. जगात त्यांना त्याहून प्रिय काही नव्हतं.

त्यांची बायको सगुणाबाई शहाणी. ती म्हणाली, "अहो, आधी वाजवून तरी बघा!"

बुवांनी तारा छेडल्या. तंबोरा असा घुमला, की ओसरीवरची मांजर डोळे मिटून बसली.

"वाजतोय बरा," बुवा कुरकुरले. "पण लोकांना दिसायला काय? पान!"

दुसऱ्याच दिवशी ते गोदाबाईच्या दारात उभे. म्हणाले, "गोदाबाई, मोर थोरल्यालाच शोभतो. तुम्ही माझा तंबोरा घ्या, मी तुमचा घेतो."

गोदाबाई चकित झाली. "बुवा, मोर आवडला असेल तर खुशाल घ्या. पण चाचांनी तो माझ्या गळ्यासाठी केलाय हो. माझा सूर वरचा, तुमचा खालचा. कसं जमायचं?"

"त्यात काय? खुंटी सैल केली, की सूर खाली! आम्हाला शिकवता काय?"

थोरल्या माणसाशी वाद कशाला घालायचा? गोदाबाईने तंबोरा त्यांच्या हवाली केला.

घरी येऊन बुवांनी खुंट्या सैल केल्या. तारा वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबायला लागल्या आणि आवाज निघाला फट्‍ फट्‍. पुन्हा ताणल्या, तर आवाज गोड, पण चढलेला थेट गोदाबाईच्या सुरात. मधल्यामध्ये काही केल्या तंबोरा बोलेना.

"तो पानाचा परत आणा," सगुणाबाई म्हणाली. "उत्सवात गाणार कोण? तुम्ही की मोर?"

"निभेल गं! एका गाण्याचा तर प्रश्न आहे," म्हणत बुवांनी फडकं घेतलं आणि मोर पुसायला बसले.

उत्सवाचा दिवस उजाडला. बुवा तंबोरा घेऊन निघाले. जो तो म्हणत होता, "वा! काय मोर आहे!" बुवांची छाती फुगली. ते देवळाच्या पायरीवर बसले, तारा छेडल्या आणि डोळे मिटून सूर लावला. लावला कसला, ओढून ताणून वर चढवला म्हणा! नियमाप्रमाणे गावानेही तोच सूर उचलला.

मग काय विचारता महाराजा! ढेरपोट्या पाटलांच्या गळ्यातून कोंबडी ओरडल्यासारखा आवाज निघाला. राजा पहिल्याच ओळीला खोकत बसला. पैलवानांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. देवळामागची कुत्री गळे काढू लागली, आणि खरं सांगायचं तर पुरुषांपेक्षा तीच बरी गात होती. बायकांना सूर सोपा होता, पण हसू आवरेना. त्यांनी तोंडाला पदर लावले.

तेवढ्यात गाण्यातली उंच ओळ आली. बुवांनी डोळे घट्ट मिटले, जोर केला, आणि आवाज फाटला. पुढे काहीच निघेना. तोंड उघडं, मांडीवर चकचकीत मोर, आणि गाणं तुटलेलं.

बुवांना अशी लाज वाटली, की वर बघवेना. म्हाताऱ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. राजालाही वाईट वाटलं, पण रीत ती रीत. तो म्हणाला, "बुवा, यापुढे मानाचा सूर गोदाबाई लावतील."

बुवा उठले ते तडक शमसूचाचाच्या दुकानात. म्हणाले, "चाचा, एकदा खरं सांगा. मी तुमचं काय वाकडं केलं होतं? तिला मोर आणि मला पान, असं का?"

चाचा पोट धरधरून हसला. "अहो बुवा! तिच्या भोपळ्याला उंदराने भोक पाडलं होतं! भोपळा आवाजाला अस्सल, टाकून देववेना. भोक बुजवलं, पण ठिगळ दिसायला लागलं. राजाच्या दरबारात ठिगळ न्यायचं कसं? म्हणून वर मोर बसवला. त्या वेलीखाली चीर आहे, मासोळ्यांखाली डाग आहे, राघूंखाली काय आहे ते विचारूच नका! तुमचा भोपळा असा निघाला, की नाव ठेवायला जागा नाही. तिथं मी झाकू काय? हात शिवशिवले म्हणून एक पान कोरलं, इतकंच."

बुवांनी कपाळावर हात मारला. "अरेरे, आणि मी उंदराच्या भोकासाठी मान घालवला!" असं म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. संध्याकाळी मोर गोदाबाईच्या घरी परत गेला आणि पान बुवांच्या.

पुढच्या वर्षी गोदाबाई देवळाच्या पायरीवर बसली. ती म्हणाली, "बुवा, माझ्या सुरात गाव पुन्हा किंचाळेल. खालचा सूर द्या. मी गळा उतरवते." बुवा तिच्या मागे बसले आणि त्यांनी पानाचा तंबोरा छेडला. सगळं गाव पोटभर गायलं. मान मात्र पुढे बसणारीचा होता, आणि तो बुवांना परत कधीच मिळाला नाही.

म्हणून पोरांनो, आणि पोरांच्या आजोबांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याची नक्षी पाहून जो आपला सूर सोडतो, त्याच्या हाती नक्षीही राहत नाही आणि सूरही राहत नाही.