ओरिनाची भिंत

वेर्बिच हे युक्रेनमधलं जुनं जिल्ह्याचं शहर. नदी ओलांडून दक्षिणेचा रस्ता जिथे चढणीला लागतो, तिथल्या टेकडीवर एकच भिंत उभी आहे. घर नाही, छप्पर नाही. रस्त्याकडची बाजू पांढरीशुभ्र, शहराकडची उघड्या मातीची. आम्हाला शहर दाखवणाऱ्या पारास्का आजी चढताना तीनदा थांबल्या. वर पोचल्यावर मात्र एका दमात त्यांनी सांगितलं, ते असं.

फार पूर्वी या शहराला मीठ मिळायचं ते समुद्रकाठच्या मिठागरांतून. गाडीवान वसंतात बैल जुंपून निघत आणि पानगळीला परतत. मधला सगळा गवताळ, ओसाड मुलूख. धुक्यात वाट चुकली आणि माणूस लुटारूंच्या हाती लागला, की तो पुन्हा दिसत नसे, असं सांगतात.

याच टेकडीवर याकिम नावाचा गाडीवान राहत होता म्हणे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तो पहिल्यांदा निघाला. बायको ओरिनाने विचारलं, "परतीची वाट सापडेल ना?"

तो हसला. "घराला चुना लाव. लांबून दिसेल."

तिने लावला. पानगळीला तांडा आला, याकिम आला नाही. तो मिठागरावर तापाने पडला होता आणि सोबती कार्पो त्याच्यापाशी थांबला होता, एवढंच कळलं.

दर वसंतात ओरिना रस्त्याकडच्या भिंतीला नवा चुना देई आणि तिला टेकून दक्षिणेकडे बघत बसे. बाकीच्या तीन भिंती पावसाने खचत चालल्या होत्या. तिला त्यांचं भानच नव्हतं. अशी नऊ वर्षं गेली.

दहाव्या वर्षी, धुकं विरता विरता पाच माणसं टेकडी चढून आली. लुटारूंच्या कैदेतून सुटलेली, आठवडाभर वाट चुकलेली, नुसती हाडं उरलेली. पांढरा ठिपका दिसला म्हणून त्या दिशेने चालत राहिलो, असं त्यांनी सांगितलं. त्यांत कार्पो होता.

ओरिनाने सगळ्यांना आत घेतलं, बीट-कोबीचं गरम सार वाढलं. त्यांचं खाऊन होईपर्यंत ती वाढत राहिली. मग कार्पोला म्हणाली, "कधी?"

"पहिल्याच वर्षी. मिठागरावरच, त्या तापात."

"काही बोलला?"

"सारखं विचारायचा, भिंत दिसायला लागली का." कार्पोने मान खाली घातली. "शेवटी मी सांगितलं, दिसली म्हणून."

ओरिना म्हणाली, "बरं केलंस."

त्या हिवाळ्यात ती भिंतीपाशी बसायला गेली नाही. आता भिंत तशीच राहणार, असं सगळ्यांना वाटलं. पण बर्फ वितळलं आणि तिने चुना भिजवला. शेजारीण कळवळून म्हणाली, "आता कुणासाठी गं?"

"ते पाच जण आले ना," ओरिना म्हणाली, "त्यांचीही कुणीतरी वाट बघतच होतं."

ती जिवंत होती तोवर तिनेच चुना लावला. पुढे शहरातल्या बायकांनी ते काम घेतलं.

आजही वसंतात बायका बादल्या घेऊन टेकडी चढतात. ज्यांचं माणूस दूर आहे, त्या येतात. तुझं कोण बाहेर आहे, असं कुणी कुणाला विचारायचं नाही, हा तिथला नेम. यंदा मी दोनदा चुना लावून गेले, असं पारास्का आजी जाता जाता म्हणाल्या. आम्ही विचारलं नाही.