न फाडलेली घडी

एकदा एक विद्वान शिष्य आपल्या वृद्ध गुरूला मनातल्या मनात हसला, आणि ते हसू फार महागात पडले. त्याला नव्हे, दुसरीलाच. विद्वानांच्या चुकांची हीच तर खोड असते. करतो एक आणि भोगतो भलताच.

गुरू म्हणजे एका तालुक्याच्या गावचे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. पिठाच्या गिरणीमागे त्यांची एक पत्र्याची खोली होती. तिथे ते मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवीत. शिकवीत तरी कसे म्हणावे? ना फळा, ना व्याकरण, ना पाठांतर. स्वतः लिहिलेल्या बत्तीस-बत्तीस पानांच्या गोष्टी ते लोकांच्या हाती ठेवीत आणि म्हणत, "वाचा. संपली की दुसरी न्या." खालच्या फळीवरच्या गोष्टी ठरवलेल्या यादीतल्या दोनशेच शब्दांत लिहिलेल्या, मधल्या फळीवरच्या चारशेंत, वरच्या फळीवरच्या आठशेंत. "एक कठीण पान रडत वाचण्यापेक्षा सोपी शंभर पानं हसत वाचावीत," असे ते म्हणत. गिरणीचे पीठ उडून सगळ्या पुस्तिकांवर बसलेले असे, आणि पुस्तिका हाती घेणारा आधी ती मांडीवर झटकून घेई.

या मास्तरांची एक तऱ्हा मात्र शिष्याला कळत नसे. मोठा कागद दुमडून ते प्रत्येक वाचकासाठी पुस्तिकेची नवी प्रत शिवीत, पण पानांच्या वरच्या घड्या कापीत नसत. वाचणाऱ्याने दर काही पानांनी फूटपट्टी आत घालून आपली घडी आपण फाडायची, तेव्हा कुठे पुढची गोष्ट दिसायची. पुस्तिकेबरोबर एक पेन्सिल मिळे. जो शब्द अडेल त्याच्याखाली टिंब द्यायचे, एवढाच काय तो गृहपाठ.

"गुरुजी, शहरात कापायचं यंत्र मिळतं. मी आणून देऊ का?" शिष्याने एकदा विचारले.

"नको. घड्या असू देत," गुरुजी म्हणाले. त्यांनी कारण सांगितले नाही, आणि शिष्याला वाटले, म्हातारपण! तोच तो हसण्याचा प्रसंग.

शिष्याजवळ विद्यापीठाचे सुवर्णपदक होते. गुरुजींच्या फळीवर आपलेही नाव असावे, ही त्याची फार दिवसांची इच्छा. तो योग लवकरच आला. गुरुजींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी बजावले, महिनाभर डोळ्यांपुढे अक्षर धरायचे नाही. नेमकी त्याच वेळी मधल्या फळीवर एक नवी गोष्ट हवी होती, आणि ती हवी होती संजीवनीबाईंसाठी.

संजीवनी ढगे या अंगणवाडीच्या सेविका. वीस वर्षे त्यांनी गावच्या पोरांची नाके पुसली, वजने केली, खिचडी वाढली. आता त्यांना वरच्या पदाची परीक्षा द्यायची होती. परीक्षेत इंग्रजीचे उतारे असत, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती. नवरा म्हणे, "चाळिशीत कसलं इंग्रजी?" बाई पुढची घडी फाडीत. चार महिन्यांत त्यांनी गुरुजींच्या अकरा पुस्तिका फस्त केल्या होत्या. शेवटच्या तीन तर परत देताना त्या गोष्टीतल्या माणसांना नावे ठेवीत होत्या, म्हणजे बघा! बारावी पुस्तिका झाली की अर्ज भरायचा, असे त्यांनी गुरुजींना कबूल केले होते. अर्जाला तीन आठवडे उरले होते.

शिष्याने आठ दिवसांत गोष्ट लिहिली. एका घरातल्या दोन जावा, दुष्काळाचे वर्ष, आणि संपत आलेले धान्य. गोष्ट खरेच सुंदर होती, कुणी खोटे कशाला बोलावे?

"कुणाकडून वाचून घेतलीस का रे?" गुरुजींनी डोळ्यांवरच्या पट्टीआडून विचारले.

"गुरुजी, एकेक शब्द मोजलाय. चारशेच्या यादीबाहेरचा एकही नाही."

गुरुजींनी पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "बरं. दे बाईंना."

एक आठवडा गेला, दुसरा गेला. दर शनिवारी येणाऱ्या संजीवनीबाई आल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात गुरुजींनी शिष्याला अंगणवाडीत धाडले. बाईंनी पुस्तिका वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली.

"कशी वाटली ताई?"

"छान आहे सर. फार छान."

वाटेत शिष्याने कागद सोडून सुरुवातीची पाने चाळली आणि त्याला आनंद मावेना. एकाही शब्दाखाली टिंब नव्हते! गुरुजींच्या पुस्तिकांतसुद्धा पाच-सहा टिंबे ठरलेली. तो धावतच खोलीवर आला. "गुरुजी, एकही टिंब नाही! एकही शब्द अडला नाही!"

गुरुजींच्या डोळ्यांवर अजून हिरवी पट्टी होती. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, पण उघडली नाही. वरच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. पहिल्या काही पानांवर फाटलेल्या कागदाची खरखर लागली. मग अंगठा गुळगुळीत घडीवर आला आणि शेवटपर्यंत गुळगुळीतच गेला.

"आठव्या पानावर थांबल्या," ते म्हणाले.

शिष्याने पुस्तिका ओढून घेतली. नवव्या पानापासूनच्या सगळ्या घड्या तशाच बंद होत्या. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"पण त्या तर छान म्हणाल्या!"

"म्हणणारच." गुरुजींचा आवाज चढला, आणि तो सहसा चढत नसे. "अरे, आमच्या माणसाला जेवण आवडलं नाही तर तो यजमानाला सांगतो का? पोट भरलं म्हणतो आणि उठतो. शिकणारा माणूस पुस्तकाला कधी दोष देत नाही. तो स्वतःला देतो. मला डोकं नाही म्हणतो आणि गुपचूप घरी बसतो. म्हणून घड्या ठेवतो मी. माणसं भिडेपोटी खोटं बोलतात, घडी बोलत नाही. आता जा, आणि आठव्या पानावर काय झालं ते विचारून ये. आणि त्यांना आधी सांग, चूक आमची आहे."

शिष्य परत गेला. मुले घरी गेली होती, बाई सतरंज्या गुंडाळत होत्या. त्याने पुस्तिका उघडली. "ताई, चूक आमची आहे. इथे काय अडलं ते सांगा."

बाई आधी ओशाळल्या. मग पदराला हात पुसून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले आणि सावकाश वाचले, "शी रॅन आउट ऑफ राइस."

"यातला कुठला शब्द अडला?"

"तेच तर ना सर! एकही नाही. शी म्हणजे ती. रॅन म्हणजे पळाली. आउट म्हणजे बाहेर. राइस म्हणजे भात. बाई भातातून पळत बाहेर आली. म्हटलं, असं कसं? मग वाटलं, भाताचं शेत असेल. म्हणून पुढं वाचलं, तर शेतच नाही कुठं. चार वेळा मागं जाऊन आले. त्याच्या खाली, पुट अप विथ तिची जाऊ. वर ठेवलं, सोबत. काय ठेवलं वर? टिंब तरी कशाखाली देऊ? शब्द तर सगळे येत होते."

शिष्याने ती ओळ पुन्हा वाचली. दुष्काळाचे घर, संपलेले तांदूळ, जावेचे निमूट सोसणे, हे सारे त्याने ज्या दोन शब्दप्रयोगांवर मोठ्या अभिमानाने तोलले होते, त्यांतला प्रत्येक शब्द चारशेच्या यादीत होता. आणि एकत्र आल्यावर त्यांचा अर्थ कुठल्याच यादीत नव्हता. तोंड, पाणी आणि पळणे हे तीन शब्द शिकलेल्या परक्या माणसाला 'तोंडचं पाणी पळालं' ऐकवावे, तसा तो प्रकार होता. मोजणी बिनचूक, आणि वाचणारी बाई भातात उभी!

तिथलीच पेन्सिल उचलून त्याने ती ओळ खोडली आणि वर लिहिले. बाईंनी वाकून वाचले, "देअर वॉज नो राइस इन द हाउस."

"घरात तांदूळ नव्हते," त्या लगेच म्हणाल्या. मग हसल्या. "एवढंच होतं होय सर?"

"एवढंच होतं ताई."

"अगं बाई! आणि मी काय काय विचार केला." हसता हसता त्या थांबल्या. हातातली सतरंजी त्यांनी कपाटात ठेवली.

"ताई, अर्ज?"

"नाही भरला." त्यांनी कपाटाची कडी लावली. "मंगळवारी मुदत संपली. घरात म्हणत होतेच सगळे, तुझं काम नव्हे. म्हटलं, अकरा पुस्तकं सोपी होती म्हणून जमली. खरं इंग्रजी आलं आणि माझं पितळ उघडं पडलं. जाऊ द्या सर. गुरुजींना नका सांगू, त्यांना वाईट वाटेल."

शिष्याने दुसऱ्या दिवशी कचेरीत खेटे घातले, विनवण्या केल्या. मुदत ती मुदत, असे उत्तर मिळाले. संध्याकाळी तो गुरुजींपुढे येऊन बसला आणि सारे सांगून मोकळा झाला. गुरुजी रागावतील, निदान चार शब्द बोलतील, असे त्याला वाटले होते. ते बोलले असते तर त्याला बरे वाटले असते.

"मी न वाचता दिली," गुरुजी एवढेच म्हणाले. "डोळ्यांना पट्टी होती, कानांना नव्हती. तुझ्याकडून वाचून घेता आली असती."

गिरणी बंद झाली. शिष्याने फळीवरून कोरा कागद ओढला आणि जावांची गोष्ट पहिल्या ओळीपासून लिहायला घेतली. या वेळी प्रत्येक पान तो मोठ्याने वाची, आणि वाचताना त्याच्या डोळ्यांपुढे चारशेची यादी नसे. अंगणवाडीत सतरंजी गुंडाळणारी एक बाई असे, आणि ती विचारी, काय ठेवलं वर? आठ दिवसांनी त्याने पुस्तिका शिवली. घड्या कापल्या नाहीत. संजीवनीबाईंना ती नेऊन दिली, तेव्हा त्यांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि कपाटात ठेवली.

ती पुस्तिका आज मधल्या फळीवरची सर्वांत लाडकी आहे. लोक ती एका बैठकीत संपवतात आणि लेखकाला येऊन सांगतात, "छान आहे." तो आभार मानतो. मग ते गेले की पुस्तिका उचलतो आणि वरच्या कडेवरून अंगठा फिरवून बघतो.

आपल्याला कुणी 'छान' म्हटले, की आपणही एकदा अंगठा फिरवून पाहावा.