महाळुंगावरची रेघ

एकदा एका थंड मुलुखातल्या व्यापाऱ्याने काचघरात लिंबू-महाळुंगांची बाग जोपासली, आणि त्या फळांचा चित्रग्रंथ छापण्याचे काम, तांब्यावर चित्रे कोरणाऱ्या एका वृद्ध कोरक्याला दिले. खाली इवलीशी बाग आणि वर आभाळात भोपळ्याएवढे फळ, अशी त्या काळच्या चित्रांची रीत होती.

त्या दिवशी विशेष असे काही नव्हते. शिष्य शाई घोटत होता. वृद्ध तांब्याच्या पत्र्यावर महाळुंगाची खडबडीत साल कोरत होता. छापलेल्या चित्रांत रंग भरायला त्याची मुलगी सासरहून यायची होती. दारात जावई उभा राहिला.

"बाबा, ती गेली."

कोरणी निसटली. फळावरून थेट आभाळापर्यंत एक रेघ उमटली.

दिवसकार्य आटोपल्यावर व्यापारी आला. "हे काय? माझ्या महाळुंगावर तलवार कुणी चालवली?"

"मी."

"मग पुसून टाका. ग्रंथ बघून लोक हसतील मला."

शिष्याने लगबगीने पत्रा गुळगुळीत करायची घोटणी उचलली. वृद्धाने ती त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवली, कोरणी घेतली आणि तीच रेघ पुन्हा, अधिक खोल कोरली.

व्यापारी रागाने लाल झाला. "तुमचं दुःख समजतो मी. पण दुसरा कोरक्या बघू का?"

"बघा."

घर त्या ग्रंथावरच चालले होते. शिष्य हळूच म्हणाला, "गुरुजी, महाळुंगाला काटे असतातच. या रेघेचा काटा करतो. कुणाला कळायचं नाही, उलट शोभेल."

"काटा झाडाचा असतो, बाळ. ही रेघ झाडाची नाही," वृद्ध म्हणाला. "चूक झाली तर पुसावी, हे मीच तुला शिकवलं. पण ही चूक नव्हे. ही पुसायची तर भोवतीचं तांबं खरवडायचं, पत्रा पाठीमागून ठोकायचा, मग घोटून सगळं गुळगुळीत. उद्यापासून गाव समजूत घालत मलाही असंच ठोकून गुळगुळीत करायला येईल. मी होणार नाही. आणि शोभेचं म्हणशील, तर माझी मुलगी चित्र शोभावं म्हणून गेली नाही."

व्यापारी ग्रंथाचे काम दुसरीकडे घेऊन गेला; तो पत्रा मात्र मागेच राहिला. ते वर्ष दोघांनी खेळायच्या पत्त्यांचे छाप कोरून काढले.

आता वृद्ध नाही. पत्रा शिष्याकडे आहे आणि त्याचेही केस पिकले आहेत. घोटणी त्याच्या हाताशीच असते. त्या रेघेवरून त्याने ती अजून फिरवलेली नाही.