तेरावी घंटा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या गावानं केलेली चूक मात्र लोक विसरले नाहीत, आणि विसरूही नये.

गावापासून दोन नद्या ओलांडल्या की एक मोठं विद्यापीठ लागे. तिथं ज्याची निवड होई त्याच्या घरी ताडपत्र येई. ठरलेल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, एखाद्या वडीलधाऱ्यासोबत दारात हजर व्हायचं, असा नियम होता. दिवस चुकला की पुन्हा बोलावणं नाही.

गावातली काही जाणती माणसं आपापले धंदे सांभाळून मुलांना या निवडीसाठी तयार करत. त्यांचा म्होरक्या होता एक तांबट. ज्याचं ताडपत्र येईल त्याच्या नावाची तांब्याची लहानशी घंटा चावडीसमोरच्या झाडाला टांगायची, ही रीत त्यानंच पाडली होती. वारा सुटला की घंटा वाजत आणि तांबटाची छाती फुगे. का फुगू नये? मेहनत त्यानं केलीच होती.

एका वर्षी तेरावी घंटा टांगली गेली ती कुंभाराच्या मुलीची. दोन वर्षं ती तांबटाच्या दुकानात, हातोड्यांच्या ठणठणाटात बसून शिकली होती. त्या दिवशी गावाला गूळ वाटला.

जायला अजून दोन महिने होते. इकडे कुंभाराच्या भट्टीचे दिवस ऐन भरात. शिवाय त्या बापड्यानं जन्मात नदी ओलांडली नव्हती.

तो म्हणाला, "पोरी, तिथं काय बोलायचं ते मला कळायचं नाय. तांबटकाका संगं येत्यात का, इचारून बघ."

मुलगी गेली. दुकान नव्या मुलांनी भरलं होतं.

"ये, ये!" तांबट ओरडला. "बघा रे, असा अभ्यास करायचा! काय काम काढलंस गं?"

सगळे डोळे तिच्याकडे वळले. इतक्या हुशार म्हणून दाखवलेल्या मुलीनं सोबत मागायची कशी? तिला लाज वाटली.

"काही नाही काका, सहज आले."

"तुला आता कसली काळजी! घंटा टांगली, तुझं काम झालं," असं म्हणून तो नव्या मुलांकडे वळला.

ती पुन्हा एकदा गेली. तेव्हा तांबट शेजारच्या गावी सत्काराला गेला होता. तिसऱ्यांदा ती गेली नाही. ठरलेल्या दिवशी ती गाठोडं घेऊन नदीकाठी बसली, आणि दुपार कलल्यावर घरी परतली.

पुढं उन्हाळ्यात तांबट माठ घ्यायला कुंभाराकडे आला. बघतो तर मुलगी चिखल मळतेय.

"तू इथं कशी?"

"सोबत यायला कुणी नव्हतं, काका."

"अगं, मग मला सांगायचंस की!"

"सांगायलाच आले होते. दोनदा."

तांबट माठ न घेताच परतला. दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन विद्यापीठाच्या दारात उभा राहिला. म्हाताऱ्या द्वारपालानं तिचं ताडपत्र वाचलं आणि हात जोडले. "बाळ, दिवस गेला."

परत आल्यावर तांबट घरोघर फिरला. कुंभाराची मुलगी धरून तेरापैकी चार मुलं घरीच होती. कुणी शेळ्या राखत होतं, कुणी पाळणा हलवत होतं. इतक्या दिवसांत कुणीच त्यांच्या दारी जाऊन विचारलं नव्हतं. तांबटानं चार घंटा स्वतःच्या हातानं उतरवल्या. उतरवताना त्या वाजल्या, तेव्हा तो रडला.

त्या वर्षापासून मुलाचं पाऊल विद्यापीठाच्या आत पडल्यावरच घंटा टांगू लागले, आणि दारापर्यंत सोबत जाणं हे शिकवणाऱ्याचंच काम ठरलं. पुढच्या मुलांचं भलं झालं. त्या चौघांचं झालं नाही.

कुंभाराच्या मुलीचे माठ पंचक्रोशीत नावाजले गेले. पण चिखल मळताना ती कधीकधी जुने धडे तोंडातल्या तोंडात म्हणत असे. एकदा ते तांबटाच्या कानावर पडले, आणि तेव्हापासून त्यानं त्या वाटेनं जाणं सोडलं.

बोध: ज्याचा हात धरला, त्याला दाराच्या आत पोचवेपर्यंत आपलं काम झालं असं समजू नये.