कान तुटलेला कप

"नीघ फडताळातून! कान तुटला, आणि नाव तर मुळातच इंग्रजी," पितळी पेला कपावर खेकसला. ही गोष्ट भांडी मनातलं तोंडावर बोलत तेव्हाची.

कप रडवेला झाला. "कळशीआजी, मी खरंच परका का गं?"

कळशी रोज विहिरीत उतरणारी, कुणाला न भिणारी. "अरे, विहिरीला जुनी माणसं कूप म्हणत. कप आणि कूप एकाच शब्दाची लेकरं, असं जाणकार सांगतात. पोकळ असावं आणि धरून ठेवावं, हाच दोघांचा अर्थ."

"अर्थ काय चाटायचाय? आता चहाला कोण घेणार ह्याला?" पेला फणकारला.

"मेल्या, तुझ्यात दही कळकतं, म्हणून घरच्या बाईंनी विरजण आता ह्याच्यातच घालायचं ठरवलंय, आणि दही लागेपर्यंत ह्याला कुणी हलवायचं नाही!"