आखूड ताणा

फार मागे एकदा, समुद्रापलीकडच्या एका संपन्न नगराने एका विणकराला मानाने बोलावून नेले आणि पुढे दहा वर्षे उंबऱ्यातच उभे करून ठेवले.

विणकराचे नाव सोनाजी. त्याने विणलेल्या लुगड्याच्या पदरावरचा मोर पाहून तिथल्या एका व्यापाऱ्याने त्याला निरोप धाडला होता. बायको आणि सात वर्षांची मुलगी सगुणा यांना घेऊन सोनाजी गेला. नगरात काम करायला व्यापाऱ्याचा शब्द पुरे होता, पण कायमचे राहायचे तर कचेरीचा दाखला लागे. दाखला हाती येईपर्यंत व्यापारी बदलायचा नाही. आणि व्यापारीच नको म्हणाला, तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा.

बरे, दाखले तरी किती? प्रत्येक देशाला वर्षाकाठी सात. ज्या बेटावर मोजून चाळीस घरे, त्यालाही सात. सोनाजीच्या देशातून हजारो कारागीर आलेले, त्यालाही सातच. याला त्या नगरात समान न्याय म्हणत. म्हणोत बापडे.

दर महिन्याच्या पहिल्या दिवशी कचेरीच्या भिंतीवर एक तारीख लिहिली जाई. त्या तारखेच्या आधी ज्यांनी अर्ज केला असेल, त्यांनीच आत यायचे. कधी ही तारीख चार दिवस पुढे सरके, कधी महिनोन्‌महिने बसून राही, आणि एका वर्षी तर ती चक्क दोन वर्षे मागे गेली. काळ मागे नेण्याची विद्या आपल्या ऋषिमुनींना साधली की नाही ठाऊक नाही, पण त्या कारकुनांना साधली होती. आपल्याकडे म्हणतात, सरकारी काम, सहा महिने थांब. तिथे सहा महिन्यांना कोणी थांबणे म्हणतच नसे.

सोनाजीची आई गावी वारली तेव्हा तो गेला नाही. बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेतील, याची हमी द्यायला कोणी तयार नव्हते. त्याने समुद्रावर जाऊन आंघोळ केली, आईच्या नावाने ओंजळभर पाणी सोडले आणि दुसऱ्या दिवशी मागावर बसला.

त्या वर्षापासून तो ताणा आखूड लावू लागला. ताणा म्हणजे मागावर ताणून बसवलेले उभे धागे. ते जेवढे लांब, तेवढेच वस्त्र निघते. त्याच्या गावच्या विणकरांत एक जुना समज होता, की मागावरचे वस्त्र अर्ध्यात कापू नये, घराला लागते. लुगड्याला चार-चार महिने लागायचे. मध्येच निघून जा असा हुकूम आला, तर काय करायचे? त्यापेक्षा पंचे विणावेत, दोन दिवसांत मोकळे. पंचे बाजारात खपत होते, त्यामुळे व्यापारीही काही बोलला नाही. अशा रीतीने मोरासाठी बोलावलेला माणूस वर्षानुवर्षे पंचे विणत राहिला, आणि त्याच्या शेजारी बसून सगुणाही पंचे विणायला शिकली.

आणि एके दिवशी कचेरीची सूचना आली. येत्या चैत्रात सगुणा अठरा वर्षांची होईल. त्या दिवशी तिचे नाव बापाच्या अर्जावरून उतरेल. तिने स्वतःची कला दाखवून स्वतःचा अर्ज करावा, नपेक्षा नगर सोडावे. एकटीने.

सोनाजी उठला तो थेट तात्यांकडे गेला. तात्या म्हणजे त्याला लहानपणी माग शिकवणारे वृद्ध विणकर. ते एक पिढी आधी या नगरात आले होते आणि बावीस वर्षे थांबून त्यांनी दाखला मिळवला होता. सोनाजीने मनातले सगळे ओकून टाकले. आईचे सांगितले, मागे गेलेल्या तारखेचे सांगितले. आपल्यानंतर आलेला बेटावरचा सुतार वर्षात दाखला घेऊन गेला, तेही सांगितले. मग म्हणाला, आता एकच शेवटचा कडक अर्ज लिहून द्या. त्यानेही काही झाले नाही, तर आम्ही सगळेच निघून जाऊ.

तात्यांनी अर्ज लिहून दिला. सोनाजीचा एकही कडू शब्द त्यांनी गाळला नाही. उलट दोन स्वतःचे घातले. मग काठी घेतली आणि म्हणाले, चल, तुझा माग बघू.

मागावर अर्धा पंचा होता. तात्यांनी तो सगुणाला विणायला सांगितला. तिचा हात सरळ होता, काठ कुठे हलत नव्हता. ते मनापासून शाबास म्हणाले आणि त्यांनी विचारले, "पोरी, पदरावर मोर कसा उठवतात?"

"ते आबा दाखला आला की शिकवणार आहेत," सगुणा म्हणाली.

तात्यांनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी कोनाड्यातली कात्री उचलली आणि तो अर्धा पंचा मागावरून सरळ कापून काढला.

सोनाजीच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. सोनाजी रागाने लाल झाला. गुरू असले म्हणून काय झाले, अर्धे वस्त्र कापायचे, आणि तेही अशा दिवसांत! त्याने विचारले, "तात्या, हे काय केलेत?"

"कापले," तात्या म्हणाले. "छप्पर जागेवर आहे, बघ. बस इथे. ही रांग अन्यायाची आहे, सोनाजी. ते मी अर्जात लिहिले आहे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लिहीन. तू दर महिन्याला जा, चार जणांना घेऊन जा, त्यांना विसरू देऊ नकोस. पण रांगेत त्यांनी तुला उभे केले होते. या मागाला रांगेत तू उभे केलेस, आणि या पोरीलाही.

"मी बावीस वर्षे पंचे विणले. दाखला आला त्या दिवशी पेढे वाटले आणि मोर विणायला बसलो. मोर उठेना. बोटांना काही आठवेना. ज्या हातासाठी मला बोलावले होते, तो हातच गेला होता. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही, लाज वाटते. तुझा हात अजून गेलेला नाही. आज पूर्ण लुगड्याचा ताणा लाव."

"आणि मध्येच हुकूम आला तर?"

"तर कात्री कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. पदरापासून सुरुवात कर. म्हणजे कधीही कापावे लागले, तरी मोर तुमच्याबरोबर येईल."

मला स्वतःला धीर धरण्यावरची प्रवचने आवडत नाहीत. ती बहुधा रांगेबाहेरची माणसे देतात. तात्यांच्या बोलण्यात धीर हा शब्द एकदाही आला नाही, हे मला विशेष वाटते.

दोन दिवस खपून बापलेकीने पूर्ण ताणा लावला. सोनाजीने उठवलेला पहिला मोर पाहून सगुणा हसत सुटली. म्हणाली, आबा, ही तर कोंबडी. त्याने निमूटपणे धागे उसवले. चौथ्या खेपेला मोराने मान उचलली, तेव्हा मात्र तो रडला. पुढचा मोर सगुणाने विणला आणि त्याच्या पुढचेही तिनेच. दर महिन्याला सोनाजी कचेरीत जातच होता. आधी बरोबर तिघे होते, पुढे तीस झाले. कारकून त्यांना लांबून पाहूनच खुर्ची सावरू लागला. तारीख तेवढ्या काळात नऊ दिवस सरकली.

चैत्र आला. बापलेक कचेरीत गेले. कारकुनाने अर्ज काढला आणि सगुणाच्या नावावर रेघ मारली. रेघ सुकायच्या आत सगुणाने त्याच्या मेजावर लुगड्याचा पदर पसरला.

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. विचारले, "कोणाचे काम?"

"माझे. शिकवले आबांनी."

तो आत जाऊन वरिष्ठाला घेऊन आला. दोघांनी पदर उलटून पाहिला. मोर मागूनही तितकाच साफ होता. व्यापाऱ्याने तिच्यासाठी स्वतंत्र शब्द लिहून दिला होताच. सगुणाचा अर्ज तिच्या स्वतःच्या नावाने दाखल झाला. तिला नगरात राहता येणार होते, काम करता येणार होते. आणि क्रमांक? क्रमांक अर्थातच रांगेच्या अगदी शेवटचा.

कचेरीच्या पायऱ्यांवर सोनाजी थांबला. दहा वर्षे आपण काढली, आता लेकीची मोजणी पहिल्यापासून. सगुणाने लुगड्याची घडी काखोटीला मारली आणि ती सूतबाजाराच्या दिशेने चालू लागली. तो मागोमाग गेला.

दुकानदाराने विचारले, ताणा केवढा लावणार? सोनाजीने मनाशी हिशेब करून सांगितले, दोन लुगड्यांचा.

"आबा," सगुणा म्हणाली, "पाचांचा लावू."

सोनाजीने तिच्याकडे पाहिले आणि पाच लुगड्यांचे सूत बांधून घेतले.

ज्यांची तारीख अजून भिंतीवर आलेली नाही, त्यांनी कचेरीला स्वस्थ बसू देऊ नये. आणि घरी गेल्यावर आपला ताणा केवढा आहे, तेही एकदा पाहावे.